कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी व्हिडिओ चॅनेलची उभारणी

ऑनलाइन व्हिडिओ चॅनेलसाठी लागणारे विषयसंशोधन, संहितालेखन, निवेदन, दृश्ये, संपादन, उपशीर्षके, थंबनेल (व्हिडिओ उघडण्यापूर्वी दिसणारे चित्र) आणि भाषांतर यांपैकी काही किंवा सर्व कामे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे रोजच्या बोलण्यातील एआयच्या, साधनांकडून करून घेण्याची पद्धत. या पद्धतीमुळे पूर्वी चार-पाच जणांच्या गटाला लागणारे काम एका व्यक्तीला करता येऊ लागले. निर्मितीचा खर्च घटला, परंतु विषयाची निवड, मजकुराची पडताळणी आणि प्रेक्षकाला धरून ठेवणे ही कामे तेवढ्या प्रमाणात सोपी झाली नाहीत. चॅनेल टिकते की नाही हे बहुधा याच कामांवर ठरते.

पार्श्वभूमी

यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले, पुढच्या वर्षी गूगलने ते १६५ कोटी डॉलरना विकत घेतले आणि २००७ पासून निवडक निर्मात्यांना जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळू लागला. चॅनेल चालवणे हा व्यवसाय होऊ शकतो, ही कल्पना तेव्हापासून रुजली. एआय मात्र या क्षेत्रात आधी व्यासपीठाच्या बाजूने आले. बोलण्यावरून आपोआप उपशीर्षके तयार करण्याची सोय २००९ मध्ये सुरू झाली, तर कोणता व्हिडिओ कोणाला सुचवायचा हे खोल न्यूरल जाळ्यांच्या, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या अनेक थरांच्या संगणकीय रचनांच्या, मदतीने कसे ठरवले जाते, याचे वर्णन गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. निर्मात्याच्या हाती ही साधने सर्वसाधारणपणे २०२२ पासून आली. त्या वर्षी शब्दांतल्या वर्णनावरून चित्र काढणाऱ्या प्रणाली लोकांसाठी खुल्या झाल्या, सप्टेंबरमध्ये ओपनएआयने व्हिस्पर ही बोलणे ओळखून लिहून देणारी प्रणाली सर्वांच्या वापरासाठी खुली केली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस त्याच कंपनीचे चॅटजीपीटी हे संवाद साधणारे साधन आले. ओपनएआयची सोरा ही व्हिडिओनिर्मिती प्रणाली फेब्रुवारी २०२४ मध्ये दाखवली गेली आणि डिसेंबरात वापरासाठी मिळू लागली. मे २०२५ मध्ये आलेल्या गूगलच्या व्हिओ ३ ने चित्रासोबत संवाद व ध्वनीही एकाच वेळी तयार करून दाखवले.

निर्मितीची प्रक्रिया

संहिता हा या साखळीतला सर्वांत मोहात पाडणारा आणि सर्वांत धोक्याचा टप्पा आहे. भाषिक प्रतिमान (लँग्वेज मॉडेल), म्हणजे चॅटजीपीटीसारख्या साधनामागची प्रणाली, हे मजकुराचा पुढचा तुकडा कोणता असण्याचा संभव अधिक, याच्या अंदाजावर वाक्ये रचते. ते मुळात माहितीचे कपाट उघडून पाहत नाही. त्यामुळे सनावळी, आकडे आणि थोरामोठ्यांच्या तोंडची वाक्ये अस्सल वाटतील अशा थाटात, पण निराधार, येऊ शकतात. इंटरनेटवरील शोधाची जोड दिलेली प्रतिमानेही मूळ पानावर नसलेला अर्थ कधीकधी त्या पानाच्या माथी मारतात. म्हणून जाणकार निर्माते आधी स्वतः आधारग्रंथ, अहवाल आणि मुलाखती गोळा करतात, तो मजकूर प्रतिमानाला पुरवतात आणि त्यातूनच मांडणी करून घेतात. इतिहास, आरोग्य, कायदा आणि पैसा या विषयांत ही शिस्त सोडली, तर एक चुकीचा व्हिडिओ चॅनेलचे नाव घालवण्यास पुरेसा होतो.

दुसरा दोष सरासरीपणाचा आहे. एकसारख्या सूचनेवर शेकडो जणांना एकाच घडणीच्या संहिता मिळतात: आरंभी चकित करणारा प्रश्न, मग ‘चला तर जाणून घेऊया’, शेवटी प्रेरणेचे दोन शब्द. प्रेक्षकाला हा साचा आता काही सेकंदांत ओळखू येतो, आणि बहुतेक व्हिडिओंना सर्वाधिक गळती लागते ती याच सुरुवातीच्या सेकंदांत. संहितेचा लेखक म्हणून प्रतिमान जेवढे उपयोगी पडते, त्याहून ते चिकित्सक वाचक म्हणून अधिक उपयोगी पडते, असे म्हणावे लागेल. कोणता मुद्दा आधार न देता मांडला आहे, कोणती संज्ञा समजावून न सांगता वापरली आहे, प्रेक्षक कोठे कंटाळेल, हे त्याला विचारले असता मिळणारी उत्तरे पुष्कळदा कामाची असतात.

निवेदनासाठी लिखित मजकुराचे वाणीत रूपांतर करणारी साधने वापरतात. गूगलच्या मालकीच्या डीपमाइंड कंपनीच्या वेव्हनेट या प्रणालीने २०१६ मध्ये न्यूरल जाळ्यांनी तयार केलेला आवाज मानवी आवाजाच्या बराच जवळ नेऊन दाखवला. आजच्या साधनांना एखाद्याच्या बोलण्याचा अगदी छोटा नमुना दिला, तरी तोच आवाज उभा करता येतो. अशी नक्कल त्या व्यक्तीच्या स्पष्ट संमतीविना करणे अनुचित असून अनेक साधनांच्या अटींनीच त्यास मनाई आहे. मराठी निवेदनात काही खास अडचणी येतात. ‘चांगला’ आणि ‘चंद्र’ यांतील च लिपीत एकच असला, तरी उच्चार दोन आहेत, आणि यंत्र त्यांत गल्लत करू शकते. ज आणि झ यांचेही तसेच. आकडे, संक्षेप आणि परभाषेतील नावे अक्षरी लिहून दिल्यास चुका कमी होतात. दीर्घ निवेदन एकसुरी होते, म्हणून ते छोट्या तुकड्यांत तयार करून प्रत्येक तुकडा ऐकून घेणे श्रेयस्कर. स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रण करून केवळ गोंगाट काढण्यासाठी आणि आवाजाची पातळी सारखी करण्यासाठी एआय वापरणे हा मार्ग कमी चमकदार आहे, पण बहुतांश चॅनेलांसाठी तोच भरवशाचा ठरावा.

दृश्यनिर्मितीत लांबी आणि सातत्य या दोन मर्यादा जाणवतात. व्हिओ ३ सारखी प्रणाली एका वेळी सुमारे ८ सेकंदांचा तुकडा देते. पुढच्या तुकड्यात त्याच पात्राचा चेहरा, वेश किंवा खोलीतील सामान बदललेले आढळू शकते. त्यावर उपाय म्हणून आधी स्थिर चित्र निश्चित करून त्याला गती देण्याची आणि प्रत्येक तुकड्यासाठी तेच संदर्भचित्र वापरण्याची रीत रूढ झाली आहे. चित्रातली अक्षरे, विशेषतः देवनागरी जोडाक्षरे, पुष्कळदा मोडकी येतात, म्हणून मजकूर संपादनाच्या वेळी वेगळा बसवतात. माहितीपर चॅनेलच्या बाबतीत याहून गंभीर प्रश्न पुराव्याचा आहे. यंत्राची अंतर्रचना, शरीरातील अवयव, नकाशा किंवा ऐतिहासिक प्रसंग यांचे रचलेले चित्र सुबक दिसले, तरी ते चुकीचे असू शकते, आणि प्रेक्षक मात्र त्याला दाखला समजतो.

संपादनात एआयने दिलेली सवलत निर्विवाद आहे. बोलण्याचा लिखित उतारा तयार होतो आणि त्यातले वाक्य खोडले की व्हिडिओतला तेवढा भाग कापला जातो. डिस्क्रिप्टसारख्या साधनांनी ही पद्धत लोकप्रिय केली. अडखळणे आणि रिकाम्या जागा काढणे, वेळेनुसार उपशीर्षके बसवणे, लांब व्हिडिओतून उभे छोटे तुकडे वेगळे करणे ही कंटाळवाणी कामे यंत्राकडे सोपवता येतात. थंबनेलच्या बाबतीत यूट्यूबने २०२४ मध्ये एका व्हिडिओसाठी तीन पर्यायांपर्यंत तुलना करण्याची सोय दिली. तिचा निकाल क्लिकांच्या संख्येवर लागत नाही, पाहण्यात गेलेल्या वेळेच्या वाट्यावर लागतो. साहजिकच, भडक पण दिशाभूल करणारे चित्र तेथे मागे पडू शकते.

चेहऱ्याविना चालणारी चॅनेल

निवेदक पडद्यावर न येता केवळ आवाज आणि दृश्यांवर चालणारी चॅनेल एआयच्या आधीही होती. एआयनंतर त्यांचे कारखाने निघाले आणि ‘रोज दहा व्हिडिओ, झोपेत कमाई’ असे सांगणाऱ्या अभ्यासक्रमांचा एक जोडधंदाही उभा राहिला. या आश्वासनाचे गणित तपासून पाहण्याजोगे आहे. जाहिरातींतील वाट्यासाठी यूट्यूबच्या भागीदार कार्यक्रमात १,००० सबस्क्रायबर आणि त्यांच्या जोडीला १२ महिन्यांत ४,००० तासांचा पाहणीकाळ किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे, म्हणजे यूट्यूबवरील उभ्या छोट्या व्हिडिओंचे, १ कोटी व्ह्यूज लागतात. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. सरासरी प्रेक्षक ४ मिनिटे थांबला, तर ६०,००० व्ह्यूजमध्ये हा टप्पा गाठता येतो. तो अर्ध्या मिनिटात निघून गेला, तर त्यासाठी ४,८०,००० व्ह्यूज लागतात. शॉर्ट्सच्या फीडमधील पाहणी या तासांत धरली जात नाही. व्हिडिओंची संख्या वाढवून या दोन आकड्यांतली तफावत भरून काढणे अवघड असते. पात्र ठरल्यानंतर लांब व्हिडिओंवरील जाहिरातींच्या उत्पन्नातील ५५ टक्के आणि शॉर्ट्सच्या बाबतीत निर्मात्यांच्या वाट्याला ठरलेल्या रकमेतील ४५ टक्के निर्मात्याला मिळतात.

१५ जुलै २०२५ रोजी यूट्यूबने ‘पुनरावृत्त’ मजकुराविषयीच्या आपल्या धोरणाचे नाव ‘अस्सल नसलेला’ मजकूर असे बदलून घाऊक, एकाच साच्यातील व्हिडिओंना उत्पन्नाचा हक्क नाही हे स्पष्ट केले. ही एआयवरील बंदी असल्याचा समज तेव्हा पसरला, तो चुकीचा होता. असा मजकूर पूर्वीही अपात्रच होता.

प्रकटीकरण आणि हक्क

मार्च २०२४ पासून यूट्यूबवर वास्तव भासणारा बदललेला किंवा कृत्रिमरीत्या तयार केलेला मजकूर अपलोड करताना तसे सांगणे बंधनकारक आहे. खऱ्या व्यक्तीच्या तोंडी न बोललेले शब्द घालणे, खऱ्या घटनेच्या किंवा ठिकाणाच्या चित्रणात फेरफार करणे, न घडलेला प्रसंग घडल्यासारखा दाखवणे हे त्यात येते. संहितेसाठी किंवा उपशीर्षकांसाठी एआयची मदत घेणे, तसेच उघडच काल्पनिक असलेले ॲनिमेशन यांना हा नियम लागू नाही. निर्मात्याने दिलेली सूचना एरवी वर्णनात दिसते. आरोग्य, बातम्या, निवडणुका किंवा आर्थिक व्यवहार असा नाजूक विषय असेल, तर ती थेट व्हिडिओवरच ठळकपणे दाखवली जाऊ शकते. फाइलमध्येच उगमाची नोंद ठेवण्यासाठी सी-टू-पी-ए हे मानक आणि गूगलची सिंथआयडी ही अदृश्य खूण वापरात आहे. चीनमध्ये १ सप्टेंबर २०२५ पासून अशा मजकुरावर खूण करणे कायद्यानेच सक्तीचे झाले.

स्वामित्वहक्काचा प्रश्न निर्माते अनेकदा उशिरा विचारात घेतात. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५ च्या अहवालात म्हटले की, केवळ प्रॉम्प्ट, म्हणजे यंत्राला द्यायची सूचना, लिहिण्याने निघालेल्या कृतीवर सध्याच्या तंत्रज्ञानात माणसाचा लेखक म्हणून हक्क सिद्ध होत नाही. माणसाने केलेली निवड, मांडणी आणि फेरबदल यांना मात्र संरक्षण मिळू शकते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, संपूर्णपणे यंत्राने तयार केलेला व्हिडिओ कोणी उचलून स्वतःच्या चॅनेलवर टाकला, तर त्याविरुद्धची तक्रार दुबळी पडू शकते. यंत्राने रचलेल्या संगीताच्या बाबतीत व्यावसायिक वापराची परवानगी अनेक साधने केवळ सशुल्क योजनेतच देतात, आणि ती योजना घेण्यापूर्वी विनामूल्य तयार केलेल्या धुनेला ती मागाहून लागू होईलच असे नाही. म्हणून प्रत्येक व्हिडिओसोबत संहितेचे मसुदे, वापरलेल्या साधनांची नावे, परवान्यांच्या अटी आणि आवाज दिलेल्या व्यक्तीची लेखी संमती जपून ठेवण्याची पद्धत काळजीपूर्वक काम करणाऱ्या चॅनेलांत पाळली जाते.