फूट कळल्यावर ऐकलेलं गाणं

कोथरूडला राहणारा माझा भाचा बीटल्स या चौघांच्या इंग्लिश बँडचा पक्का चाहता आहे. 'टू ऑफ अस' या गाण्याचे शब्द त्याने वहीत उतरवून घेतलेत आणि समासात पेन्सिलीने टिपणं केलीत. 'आपण दोघं' म्हणजे बँडमधले जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी. कागदांचा उल्लेख येतो तिथे बाण काढून लिहिलंय, 'करारांची भांडणं'. "मावशी, बँड फुटतोय हे त्यांनी गाण्यातच सांगितलंय," तो म्हणतो आणि वही वाचताना ते मलाही पटायला लागतं.

पॉलच्या सांगण्याप्रमाणे मात्र हे गाणं त्याला लिंडाबरोबर, म्हणजे पुढे त्याची बायको झालेल्या मैत्रिणीबरोबर, गाडी काढून वाट फुटेल तिकडे भटकताना सुचलं.

तारखाही पाहण्यासारख्या आहेत. हे गाणं ज्यात आहे तो 'लेट इट बी' अल्बम ८ मे १९७० ला आला. पॉल बँडमधून बाहेर पडल्याची बातमी त्याआधीच, १० एप्रिलला, वर्तमानपत्रांत झळकली होती. लोकांनी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तोच सुतकी मनाने. पण त्यातलं बहुतेक ध्वनिमुद्रण जानेवारी १९६९ मधलं. 'ॲबी रोड' या त्यांच्या दुसऱ्या अल्बमचं मुख्य काम त्यानंतरचं, तरी तो सप्टेंबर १९६९ मध्येच बाजारात आला. ज्याला आपण निरोप समजतो, त्याच्यानंतर हे चौघं पुन्हा स्टुडिओत जमले होते.

शेवट ठाऊक झाला की आधीचं सगळं त्याच दिशेने जाताना दिसतं. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. त्यांनी लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा संघर्षाचं वर्णन वाचायला दिलं. एका गटाला सांगितलं की इंग्रज जिंकले, दुसऱ्याला सांगितलं की गुरखे जिंकले. आणखी काहींना वेगळेच शेवट सांगितले, तर एका गटाला काहीच सांगितलं नाही. मग विचारलं, शेवट माहीत नसता तर कुठला निकाल किती शक्य वाटला असता? ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच आधीपासून अधिक संभवनीय वाटला. मला याहून मोलाची वाटते ती पुढची गोष्ट: वर्णनातले कोणते तपशील महत्त्वाचे, हेही सांगितलेल्या शेवटाप्रमाणे बदललं. मजकूर सगळ्यांना एकच होता. भाच्याच्या पेन्सिलीने नेमका 'कागद' का निवडला, याचं उत्तर इथे आहे.

नावाचाही असाच परिणाम होतो. १९७४ च्या एका प्रयोगात एका हट्टी, बेफाम मुलीची छोटी गोष्ट वाचायला दिली होती. काहींच्या कागदावर मुलीचं नाव अनोळखी होतं, काहींच्या कागदावर हेलन केलर, म्हणजे लहानपणीच दृष्टी आणि ऐकणं गमावलेली प्रसिद्ध लेखिका. आठवड्याने विचारल्यावर दुसऱ्या गटातल्या कितीतरी जणांना 'ती अंध आणि मूकबधिर होती' हे वाक्य वाचल्याचं आठवत होतं. ते वाक्य गोष्टीत नव्हतंच.

याला मेंदूतला बिघाड म्हणायला मी तयार नाही. न सांगितलेलं संदर्भावरून भरून घेत गेल्याशिवाय साधं बोलणंसुद्धा समजत नाही. गाण्याच्या ओळीत तर मोकळी जागा भरपूर असते. फर्ग्युसन रस्त्यावरच्या एखाद्या कट्ट्यावर हे करून पाहता येईल: एका अनोळखी गाण्याचे शब्द अर्ध्या मित्रांना 'प्रेमगीत' म्हणून द्यायचे, अर्ध्यांना 'बँड फुटतानाचं गाणं' म्हणून, आणि कोण कुठल्या ओळीखाली रेघ मारतो ते पाहायचं.

शिवाय भाच्याची टिपणं अगदीच हवेतली नाहीत. १९६९ च्या त्याच जानेवारीत, १० तारखेला, बँडमधला जॉर्ज हॅरिसन तालमीतून उठून निघून गेला होता. ताण खराच होता, आणि 'टू ऑफ अस' गायलंय जॉन-पॉलने मिळून. काही बँडच्या बाबतीत तर असं वाचन सरळ बरोबर ठरतं. फ्लीटवुड मॅकच्या १९७७ च्या 'रुमर्स'मध्ये जोडपी तुटत असताना एकमेकांवरच गाणी लिहिली गेली. त्यातलं एक बँडमधल्याच क्रिस्टीन मॅकव्हीने नव्या प्रियकरावर लिहिलं आणि नवऱ्याला सांगितलं, हे कुत्र्यावर आहे. त्या गाण्यात बेस गिटार वाजवली ती त्या नवऱ्यानेच.

पण आतल्या माणसाचा शब्द तरी शेवटचा मानायचा का? १९६८ चं बीटल्सचं 'हे जूड' पॉलला सुचलं ते जॉनच्या लहान मुलासाठी, ज्युलियनसाठी. त्याचे आईवडील वेगळे होत होते. जॉनला हे ठाऊक होतं. तरी १९८० च्या मुलाखतीत तो म्हणाला की ते गाणं त्याला नेहमी आपल्यालाच उद्देशून वाटत आलं: योकोकडे, म्हणजे जॉनच्या नव्या प्रेयसीकडे, जा, असं पॉल सांगतोय.