ठिपका किती सरकवायचा? आरोग्य संशोधनातल्या स्थानमाहितीची पार्श्वभूमी

लंडनच्या सोहो भागात १८५४ साली कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी प्रत्येक मृत्यूसाठी त्या-त्या घरापाशी नकाशावर एक काळी रेघ मारली. रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दिसते आणि दोष पाण्यात आहे हे नजरेनेच पटतं. त्याच नकाशावरून कोणत्या घरात किती माणसं दगावली हेही कळतं. शेजाऱ्यांना ते आधीच ठाऊक होतं, म्हणून तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. पुढे दीडशे वर्षं घरागणिक ठिपके असलेले नकाशे वैद्यकीय नियतकालिकांत छापले जात राहिले.

नाव-पत्ता खोडला की माहिती निनावी होते, हा समज अमेरिकेत १९९०च्या दशकात मोडला. मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या होत्या. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी त्याच राज्यातल्या केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरना विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि झिप कोड (आपल्या पिनकोडसारखा) हे तीन रकाने जुळवले आणि खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. त्या शहरात त्यांच्या जन्मतारखेचे सहाच जण होते, त्यांत तीन पुरुष, आणि त्यांच्या झिप कोडमध्ये ते एकटेच. पुढे स्वीनी यांनी हिशेब मांडला की या तीन रकान्यांवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येतील. तिथल्या आरोग्यमाहितीविषयक ‘हिपा’ कायद्याखालच्या गोपनीयता नियमांत या धोक्याची दखल घेतलेली दिसते: झिप कोडचे पहिले तीनच आकडे ठेवायचे, आणि त्या तीन आकड्यांच्या टापूत २०,००० किंवा त्याहून कमी लोक राहत असतील तर तिथे ०००. या नियमातली मोलाची गोष्ट म्हणजे त्यात अंतर मोजलेलं नाही, माणसं मोजली आहेत. स्थानमाहितीच्या बऱ्याच चुका हा एक मुद्दा विसरण्यातून होतात.

१९९९ साली आर्मस्ट्राँग, रश्टन आणि झिमरमन यांनी खरं घर कळू नये म्हणून नकाशावरचे ठिपके मुद्दाम हलवण्याच्या पद्धती पद्धतशीर मांडल्या. सगळे ठिपके एकाच दिशेने सारखे सरकवले तर एक खरा पत्ता कळताच बाकीचे उलगडतात, म्हणून प्रत्येक ठिपक्याला वेगळी दिशा आणि वेगळं अंतर हवं. तरीही छापील नकाशे धोक्याचे वाटत नव्हते. तो भ्रम २००६ साली गेला. अमेरिकेतल्या कतरिना चक्रीवादळातले मृत्यू कुठे झाले हे दाखवणारा वृत्तपत्रातला नकाशा संशोधकांनी अक्षांश-रेखांशांवर बसवला आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन घरं पडताळली. त्याच वर्षी ब्राउनस्टीन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नियतकालिकात छापलेल्या नकाशाचं चित्र स्कॅन करूनही ठिपक्यांमागचे पत्ते काढता येतात. म्हणजे मूळ फाइल कुलपात ठेवून भागत नाही. शोधनिबंधात छापायची आकृतीसुद्धा तपासावी लागते.

आपल्याकडच्या अभ्यासकांच्या हाती नेहमी येणारं उदाहरण म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली होणारं हे सर्वेक्षण डीएचएस या लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांच्या जागतिक मालिकेचा भाग म्हणून होत आलं. या मालिकेत एचआयव्हीसाठी रक्ततपासणी सुरू झाली, तेव्हा गावाचं नेमकं ठिकाण उघड करणं अशक्य झालं. २००५-०६च्या तिसऱ्या फेरीत तर आपल्याकडे जिल्ह्याची ओळखही खुल्या माहितीतून वगळली होती. चौथ्या फेरीपासून समूहांची, म्हणजे निवडलेल्या गावांची किंवा शहरी गटांची, स्थानं मिळू लागली, पण सरकवलेली.

सरकवण्याची रीत अशी. घराचं स्थान दिलंच जात नाही. एका गावातल्या किंवा शहरी गटातल्या सगळ्या निवडक कुटुंबांसाठी (चौथ्या फेरीत ती २२ होती) एकच मध्यबिंदू धरतात. मग संगणक ० ते ३६० अंशांतली कुठलीही दिशा आणि ठरलेल्या मर्यादेतलं कुठलंही अंतर निवडतो. शहरी समूहाला मर्यादा २ किलोमीटर, ग्रामीणला ५, आणि ग्रामीणपैकी दर शंभरात एकाला १०. हा शेवटचा एक टक्का फार विचाराने ठेवलेला आहे: त्यामुळे पाच किलोमीटरच्या वर्तुळात मूळ गाव नक्की असणारच, असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. सरकलेला बिंदू जिल्ह्याची हद्द ओलांडत असेल, तर तो रद्द करून पुन्हा फासा टाकतात.

यातही एक कच्चा दुवा आहे. अंतर ० ते ५ यांतून सारख्या शक्यतेने निवडलं, तर निम्मे बिंदू अडीच किलोमीटरच्या आत पडतात, म्हणजे वर्तुळाच्या अवघ्या पाव क्षेत्रफळात. काही तर जवळपास जागेवरच राहतात. यावर उपाय म्हणून २०१०च्या सुमारास ‘डोनट’ पद्धत पुढे आली: किमान अंतरही ठरवायचं, आणि कमाल-किमान दोन्ही लोकवस्तीच्या घनतेवरून काढायचे. धारावीत शंभर मीटरमध्ये हजारो माणसं मिसळतात. मेळघाटातल्या पाड्यावर तीन किलोमीटर सरकवूनही जवळचं वस्तीचं ठिकाण तोच पाडा असू शकतो.

संरक्षणाची किंमत विश्लेषणात मोजावी लागते. सरकवलेल्या बिंदूवरून ‘सर्वांत जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र’ काढलं, तर बऱ्याच गावांना चुकीचं केंद्र चिकटतं आणि अंतराचा खरा परिणाम असतो त्याहून फिका दिसतो. म्हणून पाऊस, उंची, हवेतले कण असे आकडे एका बिंदूवरून न उचलता शहरी समूहाभोवती २ आणि ग्रामीणभोवती ५ ते १० किलोमीटरच्या वर्तुळाची सरासरी घ्यायची असते.

स्वतःची माहिती गोळा करणारे संशोधक साधारण तीन ठिकाणी फसतात. पहिलं, ठिपके दरवेळी नव्याने सरकवणं. एकाच घराच्या वेगवेगळ्या आवृत्त्या बाहेर गेल्या की त्यांची सरासरी मूळ घराकडे जाते, हे २००८ साली कासा आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. एकदाच सरकवा, ती प्रत जपा आणि तीच सर्वांना द्या. दुसरं, अंतराचा रकाना. अक्षांश-रेखांश काढून टाकले, पण तीन ज्ञात दवाखान्यांपासूनची अंतरं मीटरपर्यंत ठेवली, तर तीन वर्तुळं जिथे छेदतात तिथे घर सापडतं. अंतरं गटांत द्यावीत: २ किलोमीटरपर्यंत, २ ते ५, ५च्या पुढे. तिसरं, पत्त्यांवरून स्थान काढायला रुग्णांची यादी एखाद्या फुकट ऑनलाइन सेवेत टाकणं. माहिती तिथेच बाहेर गेली. नंतर कितीही सरकवून उपयोग नाही. दशांश स्थळांचंही भान हवं: पाच स्थळं म्हणजे साधारण एक मीटर, तीन म्हणजे शंभरेक मीटर. गरज गावाची असताना फोनने दिलेली सहा-सात स्थळं तशीच साठवण्यात काहीच हशील नाही.

मोबाइल आल्यावर प्रश्नाचं रूपच पालटलं. २०१२ साली केनियातल्या सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या फोन-नोंदींवरून हिवताप माणसांच्या प्रवासाबरोबर कुठून कुठे जातो, याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साथरोगांच्या कामात एवढ्या मोठ्या पल्ल्याचं साधन पूर्वी नव्हतं. पण २०१३ साली द माँजोय आणि सहकाऱ्यांनी १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की तासाची वेळ आणि टॉवरचं ठिकाण अशा चार जोड्या पुरेशा असतात. तेवढ्यावर ९५ टक्के लोक वेगळे ओळखता येतात. त्याआधी २००९ साली गोल आणि पार्ट्रिज यांनी अमेरिकेत घर-कामाच्या जागांची जोडी तपासली होती. जनगणनेच्या सर्वांत लहान गटापर्यंत दोन्ही जागा माहीत असतील, तर तशी जोडी असलेल्या माणसांची मध्यक संख्या एक निघाली, म्हणजे निदान निम्म्या लोकांची जोडी फक्त त्यांचीच होती. मोठ्या गटात ती २१, काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या) पातळीवर ३४,९८०. ठिपका एकटा लपवता येतो, फिरण्याचा माग लपत नाही. म्हणून जीपीएस घेऊन फिरणाऱ्या सहभागींच्या मागाची घराजवळची सुरुवात आणि शेवट कापतात, किंवा कच्चा माग सुरक्षित संगणकातच ठेवून बाहेर फक्त ‘दिवसातले किती तास घराबाहेर’ असे आकडे देतात.

कोविडकाळात हे सगळं घाईत घडलं. दक्षिण कोरियात रुग्णांचे प्रवासमार्ग जाहीर झाले आणि मे २०२० मध्ये सोलच्या इटेवॉन भागातल्या क्लबांमुळे समलिंगी समाजावरच बोट रोखलं गेलं. भारतात काही ठिकाणी विलगीकरणातल्या लोकांचे पत्ते सार्वजनिक झाले. २ एप्रिल २०२० रोजी आलेलं आरोग्य सेतू ॲप ब्लूटूथसोबत जीपीएसही वापरत होतं; ॲपल-गुगलच्या संपर्क-सूचना प्रणालीने स्थान वापरायला ॲपना मनाई केली होती. इटेवॉनने जे दाखवलं त्याला ठिपका सरकवणं हा उपायच नाही: व्यक्ती लपली तरी वस्ती, पाडा, मोहल्ला उघडा राहतो. ‘क्षयरोगाची वस्ती’ असा शिक्का बसला की तिथल्या मुलीच्या लग्नाची बोलणी थांबतात, मग तिचा ठिपका नकाशावर असो वा नसो.

२०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संशोधन आणि सांख्यिकीच्या कामाला ठरावीक मानकं पाळण्याच्या अटीवर सवलत देतो. त्या माहितीवरून एखाद्या व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही, हीही अट आहे. व्यक्तीपुरतं हे ठीक आहे. वस्तीचं काय, हे कायद्यात नाही. ते नैतिकता समितीपुढच्या अर्जात संशोधकालाच लिहावं लागतं: नकाशावर कोणती पातळी दाखवणार, तिथे किमान किती कुटुंबं असतील, आणि छापण्याआधी तो नकाशा त्या गावातल्या कोणाला दाखवणार.