अँथुरियमच्या पानाकडेचा थेंब

श्रावणातल्या एखाद्या सकाळी फोंड्याकडच्या परसातलं अँथुरियम या शोभेच्या फुलझाडाचं पान जवळून बघा. कडेला बारीक थेंब ओळीने उभे दिसतील. ते दव नव्हे. रात्रभर मुळं पाणी ओढतात, पण दमट हवेत पानातून वाफ होत नाही. मग तेच पाणी कडेच्या जलरंध्रांतून बाहेर येतं. झॅन्थोमोनास हा जीवाणू नेमका याच दाराने आत शिरतो. पुढे कडेला ओलसर, तेलकट डाग पडतात, ते तपकिरी होतात आणि भोवती पिवळी कड येते. 1980च्या दशकात हवाई बेटांवरच्या अँथुरियमच्या बागा याच रोगाने उद्ध्वस्त केल्या.

आमच्या शेजारच्या काकूंनी अशाच डागांवर दोन पावसाळे बुरशीनाशक मारलं. कुंड्या एकेक करून गेल्या. मला अजून हळहळ वाटते, कारण चूक त्यांची नव्हती. बुरशीचा डाग कोणता आणि जीवाणूचा कोणता, हे नुसत्या डोळ्यांना ठरवणं कठीणच. एक घरगुती चाचणी आहे: देठ कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरायचा. काही मिनिटांत दुधी धागा खाली उतरला, तर आत जीवाणू आहेत. पण कोणते? वांग्याची झाडं उभ्या उभ्या मारणारा राल्स्टोनिया अँथुरियमलाही लागतो, आणि धागा दोघांचाही सारखाच.

इथे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची प्रयोगशाळेतली पद्धत, लागतो. डीएनएचा हवा तेवढाच तुकडा प्रत्येक फेरीत दुप्पट होतो. 30 फेऱ्यांत एकाचे 100 कोटींहून जास्त. सगळ्या जीवाणूंमध्ये असणारं 16एस नावाचं सुमारे 1500 अक्षरांचं जनुक वाचलं की जीवाणूचं कूळ कळतं. घर मात्र कळेलच असं नाही. पानावर निरुपद्रवी भाऊबंदही राहतात, त्यामुळे रोगकारकालाच जुळणारे प्रायमर, म्हणजे कोणता तुकडा दुप्पट करायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, वापरावे लागतात किंवा आणखी काही जनुकं वाचावी लागतात. सदाफुलीची फुलं हिरवी, पानांसारखी करणारा फायटोप्लाझ्मा हा जीवाणू तर प्रयोगशाळेतल्या बशीत सहसा वाढतच नाही. 1967पर्यंत असे रोग विषाणूंच्या खात्यात जमा होते. त्याची ओळख पटवायला आज मुख्य आधार डीएनएचाच.

नमुना देताना पूर्ण कुजलेला भाग देऊ नका. तिथे मागून आलेले उपरे जीवाणू माजलेले असतात. डाग आणि हिरवा भाग जिथे भेटतात ती कड द्या, आणि तीही औषध मारण्याआधी. पीसीआरला मेलेल्या जीवाणूचा डीएनएही दिसतो, म्हणून लक्षणं आणि झाडाला काय काय केलं ते चिठ्ठीवर लिहाच.

नाव कळलं की काम बदलतं. झॅन्थोमोनास पानाच्या कडेपुरताच असेल, तर पान काढून, कात्री दर वेळी निर्जंतुक करून, वरून पाणी घालणं थांबवून झाड वाचू शकतं. राल्स्टोनिया मातीत टिकून राहतो; तो निघाला तर झाडासोबत कुंडीतली मातीही टाकावी लागते.