कॉफी शॉपमध्ये चहा खपत नाही? आधी हे वाचा
आमच्याकडून चहापत्ती नेणाऱ्या कोल्हापुरातल्या कॅफेचालकांसाठी

राजारामपुरी, ताराबाई पार्क, विद्यापीठाचा रस्ता, जिकडे बघाल तिकडे कॉफी शॉप निघाली आहेत. मशीन चांगलं, बसायची सोय चांगली, चहाचं विचारलं की मात्र मालक म्हणतात, "कोपऱ्यावर दहा रुपयांत मिळतोय, आमच्याकडं कोण पिणार?"

टपरीचा चहा टपरीवरच चांगला. तिथं गिऱ्हाईक उभ्या उभ्या पितं आणि वाटेला लागतं; त्या भावात आणि त्या वेगात तुम्ही पुरे पडणार नाही. तुमच्याकडे माणूस बसायला येतो, तासभर बोलत बसतो. त्याला त्या तासाला साजेसा चहा द्या.

एक टेबल डोळ्यांसमोर आणा. मुलगा, सून, नात आणि आजोबा. तिघांची कॉफी सांगून झाली. आजोबा चहा म्हणतात, आणि समोर येतो कागदी कप, त्यात कोमट पाणी आणि दोरी लोंबणारी पुडी. आजोबा दोन घोट घेऊन कप बाजूला सारतात. पुढच्या वेळी ते चौघंही दुसरीकडे जातात, कारण कुठं जायचं हे ठरवताना घरातल्या वडीलधाऱ्यांचं मन आधी बघितलं जातं. चहा नीट नसला की त्याच्याबरोबरची कॉफीही हातची जाते.

दुधाचा चहा

यासाठी आसामची सीटीसी घ्या. पान चिरडून, फाडून, वळवून केलेली ही दाणेदार पावडर. 1930 च्या सुमारास आसामात ही पद्धत निघाली. दाण्यातून रंग आणि कडकपणा झटकन उतरतो, म्हणून ती दुधापुढे टिकते. अगदी बारीक डस्ट आणखी लवकर उतरते, पण जरा जास्त उकळली की तोंड आवळतं. कॅफेसाठी दाणा जास्त आणि डस्ट थोडी, असं मिश्रण आम्ही करून देतो.

दीडशे मिलीच्या कपाला 80 मिली पाणी, तेवढंच किंवा थोडं जास्त दूध आणि 4 ग्रॅम पावडर. आधी पाण्यात पावडर उकळा, मग दूध घालून एक उकळी आणा. मशीनच्या वाफेनं फेसाळलेलं दूध पुडीच्या चहावर ओतून हा चहा होत नाही. छोटं पातेलं आणि गाळणी ठेवाच. दूध म्हशीचं घ्या. गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणारं हे गाव आहे, पातळ दुधाचा चहा इथं एका घोटात ओळखतात.

आलं घालणार असाल तर ठेचून पाण्यातच उकळा. कच्चं आलं थेट दुधात पडलं तर दूध फाटू शकतं.

गुळाचा चहा तर तुमच्या पाटीवर ठळक अक्षरात हवा. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरगावचा पाहुणा अंबाबाईचं दर्शन घेऊन येतो, तो हे आवर्जून मागतो. अडचण एकच, गूळ किंचित आंबट असतो आणि उकळत्या दुधात पडला की चहा नासतो. म्हणून गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, कपात गुळाची पूड घाला आणि वरून चहा गाळा. जुना गूळ जास्त दगा देतो. दिवाळीनंतर नवा माल यायला लागला की तो भरा.

बिनदुधाचा चहा

खरी कमाई आम्हाला इथं दिसते, कारण टपरीवर हा मिळत नाही. दार्जिलिंगच्या चहाचा मार्च-एप्रिलचा पहिला बहर (म्हणजे नव्या पालवीची पहिली खुडणी), मे-जूनचा दुसरा बहर, निलगिरीची हिवाळी पत्ती: यांतले दोनच प्रकार ठेवा, पण नीट ठेवा. काळ्या चहाला 200 मिली पाण्यात अडीच ग्रॅम पत्ती, पाणी 95 अंशांच्या आसपास, वेळ तीन ते चार मिनिटं. ग्रीन टीला मात्र 75 ते 80 अंशच. उकळतं पाणी ओतल्यामुळेच तो कडू होतो आणि लोक नाक मुरडतात. काउंटरवर टायमर लावा. अंदाजावर सोडलं तर गर्दीच्या वेळी हमखास चुकतं.

खर्चाचा हिशेब बघा. पत्ती 3,200 रुपये किलो धरली तरी किलोत 400 कप होतात, म्हणजे कपाला आठ रुपये. सीटीसी 500 रुपये किलो धरली तर 250 कप, कपाला दोन रुपये. बिनदुधाचा चहा काचेच्या किटलीत, दोन कपांसकट टेबलावर ठेवा. पान उमलताना बघायला मिळालं की शेजारचं टेबलही विचारतं.

उन्हाळ्यासाठी 10 ग्रॅम पत्ती लिटरभर गार पाण्यात घालून आठ-दहा तास फ्रीजमध्ये ठेवा, गाळा आणि त्याच दिवशी संपवा. गरम चहा गार केला की तो गढूळ दिसतो. कॅफिन आणि चहातले तुरट घटक एकत्र येऊन असं होतं. गार पाण्यात उतरवलेला बहुधा स्वच्छ राहतो.

डबा आणि पाणी

आम्ही भेट द्यायला आलो की आधी चहाच्या डब्याचं झाकण उघडून वास घेतो. बहुतेक ठिकाणी कॉफीचा वास येतो. चहा आजूबाजूचा वास चटकन ओढून घेतो. ग्राइंडरशेजारी ठेवलेला डबा चार दिवसांत वाया जातो. हवाबंद डबा, वेगळं कपाट, आणि महिनाभर पुरेल एवढीच खरेदी. जास्त माल आम्हीच देत नाही.

बोअरचं जड पाणी असेल तर चहावर तेलकट दिसणारा पापुद्रा येतो. मशीनला ज्या फिल्टरचं पाणी देता, तेच चहाला वापरा.

मेनूवर चहा "इतर पेये"मध्ये शेवटी टाकू नका. कॉफीच्या शेजारी त्याची स्वतःची जागा असू द्या, आणि कामावरच्या एकाला तरी "दार्जिलिंग म्हणजे काय" याचं दोन वाक्यांत उत्तर देता आलं पाहिजे. शिकायला तुमची कामावरची मुलं आमच्याकडे पाठवा, त्याचे पैसे घेत नाही.

नमुन्याच्या पुड्या दुकानात तयार असतात. येताना तुमच्या कॅफेतलं पाणी बाटलीत भरून आणा. त्याच पाण्यात तीन-चार प्रकार करून बघू, मग कुठली पत्ती न्यायची ते ठरवा.