थंड इंजिन, तापलेली बॅटरी

बॅटरी भरलेली असेल, तर फोर्टमधून निघालेली प्लग-इन हायब्रिड (म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत मोटर आणि प्लग लावून चार्ज करता येणारी बॅटरी असलेली) बीएमडब्ल्यू एम५ चर्चगेट, मरीन ड्राइव्ह असं रखडत रखडत गिरगाव चौपाटीला पोचते, तोवर तिचं ४.४ लिटरचं व्ही-८ इंजिन बहुधा एकदाही सुरू झालेलं नसतं. कोस्टल रोडचा दोन किलोमीटरचा बोगदाही ती मोटरवरच पार करते. प्रियदर्शिनी पार्कपाशी बाहेर आल्यावर वेगमर्यादा साठवरून ऐंशी होते, रस्ता मोकळा दिसतो आणि चालवणारा पाय दाबतो. त्या क्षणी इंजिनाला जाग येते. त्यातलं ऑइल अजून पार्किंगमध्ये होतं तेवढंच कोमट असतं आणि मागणी मात्र शेकडो अश्वशक्तीची असते.

अशा गाड्यांबद्दल विचारणारे बहुतेक जण बॅटरी किती वर्षं टिकेल एवढंच विचारतात. तो प्रश्न रास्त आहे, पण या यंत्रणेचं आयुष्य जास्त करून अशा क्षणांवर ठरतं, असं मला वाटतं. इंजिन आणि मोटर ही दोन्ही यंत्रं आपापल्या जागी चांगली मुरलेली आहेत. कस लागतो तो एकाकडून दुसऱ्याकडे काम सोपवताना.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा दोन गाड्या भारतात आल्या, तेव्हा दोन्हींची किंमत दोन कोटींच्या आसपास होती. एम५ मध्ये व्ही-८ इंजिन आणि १४५ किलोवॉटची मोटर मिळून ७२७ अश्वशक्ती देतात. मोटर आठ गिअरच्या गिअरबॉक्सच्या खोक्यातच बसवलेली आहे आणि बॅटरीची वापरता येणारी क्षमता १८.६ किलोवॉट-तास आहे. मर्सिडीज-एएमजी सी ६३ ची वाट वेगळी. तिथे फक्त दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन पुढे आहे आणि १५० किलोवॉटची मोटर मागच्या अ‍ॅक्सलवर, स्वतःच्या दोन गिअरसह. एकूण ताकद ६८० अश्वशक्ती, पण बॅटरी अवघी ६.१ किलोवॉट-तासांची. एम५ कागदावर ६५ किलोमीटरच्या वर नुसत्या विजेवर जाते, सी ६३ जेमतेम १३. म्हणजे सी ६३ मधली बॅटरी पेट्रोल वाचवण्यासाठी नाहीच, ती पिकअपसाठी आहे.

आता त्या थंड इंजिनाकडे पुन्हा जाऊ. एम५सारख्या रचनेत इंजिन आणि मोटर यांच्यामध्ये एक वेगळा क्लच असतो. विजेवर चालताना तो उघडा असतो, म्हणून इंजिन निवांत थांबू शकतं. पाय दाबला की मोटरला एकाच वेळी दोन कामं करावी लागतात: चाकं ओढत राहायची आणि त्याच जोरातला थोडा बाजूला काढून, क्लच हलकेच घसरू देत, इंजिनाला फिरवून सुरू करायचं. इंजिनाचे फेरे मोटरच्या फेऱ्यांशी जुळले की क्लच घट्ट बंद होतो. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आसपास उरकतं आणि बसलेल्याला धक्का जाणवू नये अशी अपेक्षा असते. नेहमीच्या गाडीत ट्रिपच्या सुरुवातीला एकदा किल्ली फिरते. इथे एकाच प्रवासात इंजिन कितीतरी वेळा सुरू होतं आणि थांबतं. म्हणून अशा इंजिनांच्या बेअरिंगवर बऱ्याचदा पॉलिमरचा खास लेप दिलेला असतो, कारण ऑइलचा दाब तयार होण्याआधीच्या त्या क्षणी धातूवर धातू घासू शकतो.

मुंबईकरांचं एक भाग्य आहे. इथे पहाटेही पारा क्वचितच १५ अंशांच्या खाली जातो, त्यामुळे म्युनिकच्या हिवाळ्यातला उणे दहाचा छळ इथल्या इंजिनाला सोसावा लागत नाही. तरीही २८ अंशांचं ऑइल हे १०० अंशांच्या ऑइलपेक्षा कित्येक पट घट्ट असतं. शिवाय सिलिंडरच्या थंड भिंतींवर पेट्रोल नीट वाफ न होता चिकटतं आणि पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. त्यात पाण्याची भर पडते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. गरम इंजिनात ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थंड इंजिनात त्यातलं थोडं आतच थेंब होऊन साचतं. दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्यांवर वापरलेल्या गाडीच्या ऑइलचं झाकण उघडून पाहा, आतल्या बाजूला पिवळट पांढरी सायीसारखी चिकटण दिसते. ते ऑइल आणि पाणी एकत्र घुसळून तयार झालेलं असतं आणि त्याची वंगण म्हणून किंमत फार कमी असते.

यावरचा उपाय साधा आहे आणि तो चालवणाऱ्याच्या हातात आहे. मोकळ्या रस्त्यावर जोर लावायचा बेत असेल तर दहा-पंधरा मिनिटं आधीच गाडी हायब्रिड मोडवर टाकून इंजिन सुरू होऊ द्यावं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, लवकर तापतं, ऑइलला जास्त वेळ लागतो, त्यामुळे नुसत्या कूलंटच्या काट्यावर भरवसा ठेवू नये. आणि सर्व्हिसिंग किलोमीटर मोजून नव्हे, महिने मोजून करावं. ओडोमीटर सांगतो ते किलोमीटर बरेचसे मोटरचे असतात, पण ऑइल कॅलेंडरप्रमाणे खराब होतच असतं.

बॅटरीच्या बाबतीत एक भागाकार पुरेसा बोलका आहे: काढलेली ताकद भागिले बॅटरीची क्षमता. ८० किलोवॉट-तासांच्या पूर्ण इलेक्ट्रिक गाडीने १५० किलोवॉट ताकद काढली, तर उत्तर दोनपेक्षाही कमी येतं, म्हणजे बॅटरीवर ताण कमी. एम५ मध्ये हाच आकडा आठच्या जवळ जातो आणि सी ६३ मध्ये जवळजवळ पंचवीस. करंट दुप्पट झाला की सेलच्या आतली उष्णता चौपट होते, त्यामुळे हे पंचवीस म्हणजे भयंकर प्रकरण आहे. म्हणूनच एएमजीची मोटर १५० किलोवॉट फक्त दहा सेकंद देते, सलग ७० च. आणि म्हणूनच तिच्या ५६० सेलपैकी प्रत्येकाच्या भोवतीने वीज न वाहणारा द्रव खेळवला आहे, सुमारे १४ लिटर. त्याच्या जोरावर बॅटरी सरासरी ४५ अंशांवर राखली जाते. फॉर्म्युला वनमधून आलेलं हे काम मला फार देखणं वाटतं. पण मुंबईत रोज वापरायची गाडी म्हणून निवड करायची झाली, तर माझं मत मोठ्या बॅटरीच्या बाजूने पडेल. ताण कमी, आणि रोजचा बराच प्रवास इंजिनाला हात न लावता होतो.

मोठी म्हटली तरी ती पूर्ण इलेक्ट्रिक गाडीच्या मानाने छोटीच. बोरिवलीहून फोर्टला जाऊन-येऊन ७० किलोमीटरच्या आसपास होतात, म्हणजे एम५ ची बॅटरी रोज पूर्ण रिकामी आणि पूर्ण भरलेली. तेवढ्याच प्रवासात मोठ्या बॅटरीच्या इलेक्ट्रिक गाडीचा जेमतेम पाचवा हिस्सा खर्च होईल. त्यात उष्णतेची भर: रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो, हा ठोकताळा सेलच्या झिजेलाही ढोबळ लागू पडतो. मे महिन्यात उघड्यावर, शंभर टक्के भरून, आठवडाभर उभी केलेली गाडी न चालताही म्हातारी होत असते.

बिघाडांचे आकडे काय सांगतात? अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत प्लग-इन हायब्रिडमध्ये नुसत्या पेट्रोल गाड्यांपेक्षा १४६ टक्के जास्त तक्रारी आढळल्या, तर प्लग नसलेल्या साध्या हायब्रिडमध्ये २६ टक्के कमी. पुढच्या वर्षी प्लग-इनचा आकडा ७० टक्क्यांवर आला. साध्या हायब्रिडला १९९७ च्या टोयोटा प्रियसपासूनचा अनुभव पाठीशी आहे. प्लग-इनमध्ये मोठी बॅटरी, घरचा चार्जर झेलणारं सर्किट, त्यांचं कूलिंग आणि हे सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर यांची भर पडते. २०२० मध्ये बीएमडब्ल्यू आणि फोर्ड, दोघांनाही प्लग-इन गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या आणि दुरुस्ती होईपर्यंत चार्ज करू नका, असं मालकांना सांगावं लागलं होतं. मूळ दोष सेल बनताना आत शिरलेल्या अशुद्ध कणांचा होता.

पण रस्त्यात गाडी अडते ती कित्येकदा साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीमुळे. मोठ्या बॅटरीचे स्विच ओढून धरण्याचं काम तीच करते. ती मेली, की पोटात शेकडो व्होल्ट असूनही गाडी उठत नाही. अशा वेळी चाकं रस्त्यावर ठेवून टोचन लावू नये. चाकांबरोबर मोटर फिरून वीज तयार करू लागू शकते. सपाट प्लॅटफॉर्मचा ट्रकच बोलवावा.

पावसाळ्याची भीती मात्र लोकांना वाटते तशी शॉक बसण्याची नसते. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलमधला विजेचा मोठा दाब गाडीच्या सांगाड्यापासून पूर्ण अलग ठेवलेला असतो आणि इन्सुलेशन तपासणारं सर्किट सतत पहारा देतं. गळती दिसली की गाडी सुरू व्हायलाच नकार देते. धोका निराळा आहे. भरतीच्या वेळी तुंबलेल्या पाण्यात खाडीचं खारं पाणी मिसळलेलं असू शकतं. ते कनेक्टरमध्ये शिरलं तर वाळल्यावरही मीठ मागे ठेवतं आणि महिन्यांनंतर बिघाड वर येतो. दुसरं म्हणजे, अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी शांतपणे विजेवर पाण्यात उतरलेल्या गाडीचं इंजिन मध्येच आपणहून सुरू होऊ शकतं. हवेच्या तोंडाशी पाणी असेल तर ते सिलिंडरमध्ये ओढलं जातं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.

पेट्रोल पंपावर या गाड्यांचं आणखी एक वेगळेपण दिसतं. टाकीचं झाकण लगेच उघडत नाही, बटण दाबून थोडं थांबावं लागतं. इंजिन दिवसेंदिवस बंद राहत असल्यामुळे पेट्रोलची वाफ जाळायला कोणी नसतं, म्हणून टाकी सीलबंद ठेवतात आणि आधी आतला दाब उतरवतात. आपल्याकडच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी हे सोयीचंच आहे, कारण इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं आणि मुंबईच्या हवेत त्याला तोटा नाही. तरी महिनोन्‌महिने तेच पेट्रोल टाकीत ठेवणं बरं नव्हे.

घाटात या यंत्रणेचं सौंदर्य सर्वांत स्पष्ट दिसतं. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत उतार सुमारे ५०० मीटरचा. जवळपास अडीच टनांची एम५ तेवढं उतरताना ३.३ किलोवॉट-तासांच्या आसपास ऊर्जा मोकळी करते. टायर आणि हवेचा विरोध त्यातला बराच वाटा खातात, पण उरलेला मोटर ब्रेक म्हणून वापरून बॅटरीत परत घेता येतो. अट एकच, बॅटरीत जागा हवी. लोणावळ्याच्या हॉटेलात रात्रभर चार्ज करून काठोकाठ भरलेली गाडी ही ऊर्जा घेऊच शकत नाही, मग बराचसा भार ब्रेकच्या डिस्कवर येतो. म्हणून उतरायच्या आदल्या रात्री चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवावं. आणि एरवी शहरात मोटरच ब्रेकचं काम करत असल्यामुळे डिस्क क्वचित वापरात येतात, समुद्राच्या हवेत त्यांच्यावर गंज धरतो. आठवड्यातून एकदा, मागे कोणी नाही हे पाहून, पेडल दोन-तीनदा जोरात दाबलं की तो खरवडून निघतो.