साखर बंद केली की ब्रेस्ट कॅन्सर उपाशी मरतो का?

पेट (PET) स्कॅन म्हणजे शरीरात साखर कुठे जास्त ओढली जाते ते दाखवणारी तपासणी. तिच्या आधी चार-सहा तास उपाशी ठेवतात, मग किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज शिरेतून देतात आणि तासभर पडून राहायला सांगतात. कॅन्सरची गाठ बऱ्याचदा त्यात लख्ख उजळते कारण ती आजूबाजूच्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त साखर ओढते. हे कळलं की घरी सुरू होतं, चहात साखर नको, फळं नकोत, भात बंद.

ही ओढ १९२० च्या दशकात जर्मनीत ओटो वॉरबर्गने पकडली. ऑक्सिजन भरपूर असला तरी ह्या पेशी साखर पूर्ण जाळत नाहीत, अर्धवट तोडून लॅक्टेट नावाचा उरलेला पदार्थ बाहेर टाकतात. एका ग्लुकोजमागे एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, मिळतात फक्त २, पूर्ण जाळलं तर ३० च्या आसपास मिळाले असते, मग हा तोट्याचा धंदा कशाला? कारण एकाच्या दोन पेशी व्हायच्या तर कच्चा माल लागतो, नवा डीएनए, नवं आवरण, आणि त्यातला बराचसा साखरेच्या तुकड्यांतून बनतो.

पण मला सगळ्यात थक्क करतं ते पुढचं. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रोटीनभोवती गुंडाळलेला असतो, रिळावर दोरा असतो तसा. साखर तुटताना निघालेला असिटिल नावाचा छोटा रासायनिक तुकडा हिस्टोनला चिकटला की गुंडाळी सैल होते आणि तिथले जीन वाचले जातात. २०१९ मध्ये तर दिसलं की लॅक्टेटपासूनही अशी खूण लागते, म्हणजे इतकी वर्षं ज्याला कचरा समजत होतो तेच जीन चालू करायला हातभार लावतं! उलट मेथिओनिन ह्या अन्नातल्या अमिनो आम्लापासून येणारं मिथाइल, म्हणजे आणखी एक छोटा रासायनिक तुकडा, जीनच्या सुरुवातीला बसलं की जीन गप्प. काही ब्रेस्ट कॅन्सरमध्ये, जास्त करून ट्रिपल निगेटिव्हमध्ये (ज्यात हार्मोनचे दोन्ही आणि HER2 हे रिसेप्टर सापडत नाहीत), डीएनए दुरुस्त करायला मदत करणाऱ्या बीआरसीए१ जीनचं एक अक्षरही बदललेलं नसतं तरी तो असा बंद पडलेला असतो आणि डीएनएची दुरुस्ती अडते. त्यात गाठीच्या आत ऑक्सिजन कमी, आणि मिथाइल पुसणाऱ्या टेट एन्झाइमना ऑक्सिजन लागतो, त्यामुळे ते मंदावतात आणि खुणा साचत जातात.

मग साखर तोडून भागेल का? नाही, कारण आपण खाल्लं नाही तरी लिव्हर ग्लुकोज बनवून रक्तात सोडतं, आणि केमो चालू असताना जेवण तोडलं तर अशक्तपणा बाईलाच येतो, हे मला कळकळीने सांगायचंय. खुणा मात्र औषधाने बदलता येतात. असिटिल काढणाऱ्या एन्झाइमला अडवणारं टुसिडिनोस्टॅट चीनमध्ये २०१९ मध्ये हार्मोन-पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या जोरावर वाढणाऱ्या, ब्रेस्ट कॅन्सरसाठी मंजूर झालं, तेही एकटं नाही, हार्मोन रोखणाऱ्या गोळीसोबत.