मोठ्या झाडांची छाटणी व तोड : सुरक्षित पद्धती आणि नेहमीच्या चुका (खानदेश)

वाढलेल्या झाडाच्या वाळलेल्या, रोगट किंवा धोकादायक फांद्या उतरवणे, त्याचा तोल सांभाळणे आणि दुसरा इलाज उरला नसेल तेव्हा ते टप्प्याटप्प्याने खाली आणणे, असे या कामाचे स्वरूप आहे. फळबागेतील नित्याच्या छाटणीहून ते वेगळे आहे, कारण ते उंचावर, जड लाकडाच्या सान्निध्यात, धारदार हत्यारांनी आणि पुष्कळदा विजेच्या तारांशेजारी करावे लागते. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत पावसाळ्यापूर्वी वीजवाहिन्या मोकळ्या करताना, वळवाच्या वादळात झाडे उन्मळल्यावर आणि बांधावरच्या निंबाची सावली केळी-कपाशीवर पडू नये म्हणून ते सर्वाधिक होते. माणसाची सुरक्षितता आणि झाडाचे आरोग्य हे येथे दोन वेगळे विषय नाहीत. आज चुकीच्या जागी घातलेला घाव काही वर्षांनी त्याच झाडावर चढणाऱ्याच्या जिवावर येतो.

खानदेशातील झाडे लाकडाच्या दृष्टीने एकसारखी नाहीत, आणि कामाची पद्धत जातीनुसार बदलावी लागते. सातपुड्याच्या उतारांवर आढळणाऱ्या अंजनाचे पक्के लाकूड पाण्यात बुडण्याइतके जड असते. शहरांतील रस्त्यांवर लावलेल्या गुलमोहराची फांदी ठिसूळ असून पूर्वसूचना न देता मोडते, तर शेवग्याच्या फांदीवर माणसाचा भार कधीच टाकू नये. वडाच्या जमिनीत रुजलेल्या पारंब्या आडव्या पसरलेल्या फांद्यांना खांबासारखा आधार देतात. रस्ता रुंद करताना किंवा पार ‘स्वच्छ’ दिसावा म्हणून त्या तोडल्या की फांदी निराधार होते. ओल्या लाकडाच्या वजनाचा अंदाज बहुतेकांना नसतो. ३० सेंटीमीटर व्यासाचा आणि १ मीटर लांबीचा ओला ओंडका सुमारे ७० किलोचा असतो, आणि तो दोराला झटका देऊन थांबतो तेव्हा दोरावर, गाठीवर आणि आधाराच्या फांदीवर त्याच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो.

चढण्यापूर्वी झाड खालून वरपर्यंत सर्व बाजूंनी पाहिले पाहिजे. बुंध्याशी उगवलेली कठीण फळीसारखी बुरशी, सालीखालचा भुसा, उधईचे मातीचे थर, दोन जोडखोडांमधील भेग, एका बाजूची उचललेली माती आणि ढोली ही धोक्याची चिन्हे होत. खोडावर लाकडी हातोडीने ठोकून येणारा पोकळ आवाज बरेच सांगून जातो. रस्त्याकडेच्या आणि बांधावरच्या झाडांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी लागते : बुंध्याशी पालापाचोळा किंवा पऱ्हाट्या जाळल्याने साल करपून आतून कुज सुरू झालेली असते, आणि वरचा पाला हिरवागार असला तरी बुंधा भार पेलण्याच्या स्थितीत नसतो. अशा झाडावर न चढता शिडीगाडी किंवा क्रेनच्या मदतीने काम करावे. उंच झाडावर आग्या मोहोळ असेल तर, यंत्राच्या आवाजाने आणि फांदीच्या हादऱ्याने माश्या उठत असल्यामुळे, मोहोळ जाणकारांकडून हलवल्याशिवाय काम सुरू करू नये. दोरावर लटकलेल्या माणसाला पळून जाण्याची सोय नसते.

विजेच्या तारांजवळील काम हा या विषयातील सर्वांत गंभीर भाग आहे. खानदेशात शेतीच्या वाहिन्यांना ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे, आळीपाळीने पुरवठा मिळतो. त्यामुळे ‘आता लाइट नाही, तेवढ्यात फांदी तोडून घेऊ’ असा विचार केला जातो, आणि तो प्राणघातक ठरू शकतो. भारनियमन म्हणजे वाहिनी सुरक्षितपणे बंद केलेली असणे नव्हे. पुरवठा कोणत्याही क्षणी परत येऊ शकतो, आणि एखाद्या घरातील जनित्र किंवा इन्व्हर्टर चुकीच्या जोडणीमुळे बंद तारेत उलट्या दिशेने वीज सोडू शकते. वाहिनी बंद करणे, ती पुन्हा कोणी सुरू करणार नाही याची खात्री करणे, तार निर्जीव असल्याचे तपासणे आणि तिचे भूसंबंधन म्हणजे अर्थिंग करणे हे काम फक्त महावितरणच्या अधिकृत कर्मचाऱ्यांचे आहे, आणि ते झाल्याचे त्यांनी सांगितल्यावरच छाटणीला हात लावावा. ११ केव्हीसारख्या (११ हजार व्होल्ट) उच्च दाबाच्या तारेला स्पर्श होण्याचीही गरज नसते. पुरेसे जवळ गेल्यास वीज हवेतून उडी घेते. ओला बांबू आणि हिरवी फांदी वीज वाहून नेतात. म्हणून शेळ्यांसाठी पाला पाडताना वापरली जाणारी लांब आकडी, बांबूला बांधलेला विळा आणि ॲल्युमिनिअमची शिडी ही तिन्ही तारेच्या आसपास सारखीच धोकादायक आहेत. तुटलेली तार जमिनीवर पडली असेल तर तिच्याजवळ जाऊ नये आणि झाडाला चिकटलेल्या माणसाला पुरवठा तोडल्याखेरीज हात लावू नये.

अनुभवी माणसे अनवाणी, कमरेला दोर गुंडाळून झाडावर चढतात. त्यांचे कौशल्य खरे असते, पण घसरल्यास कमरेचा दोर बरगड्यांवर सरकून श्वास कोंडतो. मांड्या व कंबर यांना आधार देणारा पट्टा, म्हणजे हार्नेस, आणि त्याला जोडलेला तपासलेला दोर हीच सुरक्षित रीत आहे. उन्हात विटलेला, गाठी पडलेला किंवा विहिरीवर वापरलेला दोर माणसाच्या भारासाठी वापरू नये. यांत्रिक करवत चालवताना दोन स्वतंत्र ठिकाणी बांधून घ्यावे, जेणेकरून चुकून एक दोर कापला गेला तरी दुसरा धरून ठेवील. बुटाला लावायचे लोखंडी काटे फक्त तोडायच्या झाडावर चालतात, कारण छाटणीपुरते चढताना ते जिवंत सालीला भोके पाडून रोगाला वाट करून देतात. जी फांदी कापायची तिलाच शिडी टेकवण्याची चूक वारंवार होते. टोक सुटताच भार हलका होऊन उरलेला भाग वर उसळतो आणि शिडी निसटते.

यांत्रिक करवतीच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर करवत क्षणार्धात वर व मागे, चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे फेकली जाते. साखळीचा ब्रेक नीट काम करत असणे, करवत दोन्ही हातांनी धरणे आणि ती खांद्याच्या उंचीच्या वर न नेणे ही त्यावरची खबरदारी आहे. शिरस्त्राण, चेहऱ्यावरची जाळी, कानांचे संरक्षण आणि साखळी अडकवून थांबवणाऱ्या धाग्यांची विजार ही साधने उन्हात नकोशी वाटतात. पण वैशाखात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणाऱ्या या प्रदेशात योग्य उपाय म्हणजे काम पहाटे सुरू करून उन्हे चढण्यापूर्वी संपवणे होय. साधने उतरवून ठेवणे हा नव्हे.

फांदी कोठे कापावी याबाबत अमेरिकी वनखात्यातील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांचे संशोधन पायाभूत मानले जाते. १९७७ साली मांडलेल्या त्यांच्या प्रतिमानानुसार झाड जखम प्राण्यांप्रमाणे भरून काढत नाही. ते कुजलेला भाग भोवती अडथळे उभारून कोंडून ठेवते. फांदी खोडाला मिळते तेथील सालीच्या फुगवट्यात हे अडथळे उभे राहण्याची क्षमता असते, म्हणून काप फुगवट्याच्या लगेच बाहेर घ्यावा. खोडाशी सपाट काप घेतला तर फुगवटाच निघून जातो, आणि लांब खुंट ठेवला तर तो वाळून कुज आत नेतो. जड फांदी तीन कापांत उतरवतात : खोडापासून सुमारे ३० सेंटीमीटरवर खालून अर्धवट काप, त्याच्या थोडे पुढे वरून पूर्ण काप, आणि भार उतरल्यावर फुगवट्याबाहेर शेवटचा काप. पहिला काप टाळला की फांदी स्वतःच्या वजनाने मोडून खोडाची साल हातभर सोलून नेते. मोठ्या जखमेवर डांबर किंवा रंग फासण्याने कुज थांबत नाही, आणि ढोलीत सिमेंट भरण्याची जुनी पद्धतही आता सोडून देण्यात आली आहे.

या प्रदेशातील सर्वांत नुकसानकारक सवय म्हणजे निंब बोडका करणे. निंब जोमाने फुटतो, त्यामुळे त्याला काही झालेच नाही असा समज होतो. प्रत्यक्षात हे धुमारे खोडाच्या बाहेरच्या थरांना तेवढे चिकटलेले असतात आणि त्यांच्याखालचे कापलेले लाकूड कुजत जाते. काही वर्षांत धुमारे मनगटापेक्षा जाड होतात, आणि पहिल्या जोरदार वादळात किंवा त्यांना दोर बांधणाऱ्या माणसासह बुडापासून निखळतात. ऐन उन्हाळ्यात सगळा पाला उतरवल्यास आजवर सावलीत वाढलेली साल उन्हाने भाजते. एका वर्षात जिवंत पर्णसंभाराच्या चतुर्थांशाहून अधिक भाग काढू नये, आणि म्हाताऱ्या झाडाचा तर त्याहूनही कमी.

झाड पाडताना पडण्याच्या बाजूला व्यासाच्या सुमारे एक चतुर्थांश खोलीची खाच घेतात, मागून त्याहून किंचित वर काप देतात आणि दोहोंमध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी अखंड लाकडाची पट्टी बिजागरी म्हणून राखतात. ही पट्टीच झाडाला दिशा देते. ती कापून टाकली की झाड कोठेही जाऊ शकते. झुकलेल्या झाडाला मागूनच सरळ काप दिल्यास खोड उभे चिरून त्याचा मागचा भाग कापणाऱ्यावर उसळतो. झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरात दुसरे कोणी नसावे आणि मागे तिरक्या दिशेने पळवाट मोकळी ठेवावी. वादळाने आडव्या झालेल्या झाडात ताण अडकलेला असतो : खोड तोडताच मुळांचा गड्डा खड्ड्यात परत बसू शकतो, म्हणून त्याच्या मागे मुलांना तर नाहीच, कोणालाही उभे राहू देऊ नये. दुसऱ्या झाडात अडकलेल्या झाडाखाली जाऊन आधाराचे झाड कापणे हा निव्वळ आत्मघात आहे.

शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू असून तोडीसाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड जाळणे किंवा त्याला इजा करणे हेही तोडीतच मोडते. २०२१ च्या सुधारणेने ५० वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला. शेतातील साग, मोह, आंबा, चिंच, खैर, अंजन यांसारख्या अनुसूचित झाडांसाठी १९६४ चा वृक्षतोड विनियमन अधिनियम पाहावा लागतो. परवानगी मिळेपर्यंतचा वेळ वाया जात नाही, कारण झाडाची नीट पाहणी, महावितरणशी पत्रव्यवहार आणि बचावाची तयारी त्याच काळात करता येते. जमिनीवर नेहमी चढता येणारा दुसरा माणूस आणि दुसरा दोर हवा, कारण बेशुद्ध होऊन पट्ट्यात लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली आणावे लागते. मळ्यातील काम असेल तर १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला सांगता येईल असा रस्ता, शिवाराचे नाव आणि फोनला रेंज मिळणारी जागा काम सुरू होण्यापूर्वी ठरवून घ्यावी, आणि रक्तस्राव दाबून धरण्यासाठी स्वच्छ जाड पट्ट्या करवतीच्या पेटीत न ठेवता खाली उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात ठेवाव्यात.